पोट दिसायच्या आधीचा थकवा

पाळीची तारीख यायच्या आधीच मला थकव्याने गाठलं होतं. दुपारी चारच्या सुमाराला डोळे मिटायला लागायचे. साधी पेंग नव्हे ती. कोणीतरी घरातल्या एकेका खोलीतले दिवे मालवत यावं, तसं आत व्हायचं. घरी पोचल्यावर पर्स खांद्यालाच असायची आणि मी सोफ्यावर आडवी. ताप येणार असं वाटून थर्मामीटर लावला, ताप नव्हता. मग तारीख उलटली, टेस्टवर दोन रेघा उमटल्या, आणि त्या आनंदातच आदल्या आठवड्याचं कोडंही सुटलं.

मळमळ, उलट्या, वासांचा त्रास याबद्दल पुष्कळ जणींनी मला आधी सांगून ठेवलं होतं. थकव्याबद्दल मात्र कोणी धड बोललेलं आठवत नाही. तो कसा असतो, कशाने वाढतो, कशाने हलका होतो, हे मला माझ्याच अंगावर शिकावं लागलं. म्हणून लिहिते आहे.

दिवसभर राबून येतो तो शीण मला ओळखीचा होता. तो रात्रीच्या झोपेने जातो. हा जायचा नाही. भरपूर झोपून उठल्यावरही दात घासताना बेसिनला टेकून उभी राहायचे. केस विंचरायला हात वर धरले की दंड भरून यायचे. अंघोळीला स्टूल घ्यायला लागले. एक जिना चढला की दोन वाक्यं सलग बोलता यायची नाहीत. डोक्याचंही तेच. एकच मेल तीनदा वाचूनही त्यात काय विचारलंय ते आत शिरायचं नाही. एरवी ज्या कामात मी तहानभूक विसरते, ते काम समोर उघडं असायचं आणि मी त्याच्याकडे नुसती बघत बसायचे.

पहिल्या तपासणीला डॉक्टरांना मी मळमळीच्या आधी हेच सांगितलं. त्यांनी घाई न करता समजावलं, आणि आत काय चाललंय हे कळल्यावर मला फार धीर आला. गर्भारपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. त्यामुळे पाळी चुकते तेव्हाच हिशेबाने चार आठवडे झालेले असतात, आणि तोवर शरीर कामाला लागलेलं असतं. प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक भराभर वाढतं, आणि त्याला झोप आणण्याचा गुण आहे. त्याच्यामुळे रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब थोडा उतरतो, पचन मंदावतं. साधारण सहाव्या आठवड्यापासून रक्ताचं प्रमाण वाढायला लागतं आणि पुढच्या महिन्यांत ते ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं. हृदयाचं काम वाढतं ते पोट मोठं झाल्यावर, असा माझा समज होता. पण त्या वाढीतला मोठा भाग पहिल्या तीन महिन्यांतच होऊन जातो. मूत्रपिंडंही जास्त रक्त गाळायला लागतात, म्हणून रात्री लघवीला उठणं आणि झोपमोड. शिवाय वार तयार होत असते, म्हणजे शरीर एक अख्खा नवा अवयव बनवत असतं. आठव्या आठवड्यात गर्भ जेमतेम दीड सेंटिमीटरचा असतो. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही, आणि आत इतकं सगळं चालू असतं.

“हे नॉर्मल आहे,” डॉक्टर म्हणाल्या, “पण नॉर्मल आहे म्हणून तपासायचं नाही, असं मी करत नाही.” त्यांचं हे वाक्य मी नंतर कितीतरी मैत्रिणींना ऐकवलं आहे. त्यांनी रक्त, थायरॉईड, साखर आणि लघवी अशा तपासण्या लिहून दिल्या. पहिल्या तिमाहीत हिमोग्लोबिन ११ च्या खाली असलं तर तो रक्तक्षय धरतात. माझं त्याच्या किंचित खाली निघालं, आणि शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिनही कमी होतं. थायरॉईड ठीक होती. ती कमी काम करत असली तर नेमका असाच थकवा येतो, आणि सुरुवातीच्या आठवड्यांत बाळ आईच्याच थायरॉईड संप्रेरकावर अवलंबून असतं, त्यामुळे ती तपासणी टाळण्यासारखी नाही. लघवीतला जंतुसंसर्गही या दिवसांत कधीकधी काहीच लक्षण न दाखवता असतो. माझ्या थकव्याचा काही भाग गर्भारपणाचा होता आणि काही भाग लोहाच्या कमतरतेचा. दुसऱ्यावर उपाय होता. तपासलं नसतं तर तोही पहिल्याच्याच नावावर गेला असता.

लोहाची गोळी रोज घेतली की मळमळ वाढायची. डॉक्टरांना तसं सांगितल्यावर त्यांनी ती एक दिवसाआड घ्यायला सांगितली, आणि ते मला मानवलं. आंबट फळासोबत घेतली तर लोह चांगलं शोषलं जातं. चहा-कॉफी त्याच्या आसपास नको, आणि कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळेला. शौचाचा रंग काळा होतो, बद्धकोष्ठ होतं, त्याला पाणी आणि चालणं हाच मुख्य इलाज. गोळी सुरू केली आणि दुसऱ्या दिवशी तरतरी आली, असं होत नाही. फरक जाणवायला काही आठवडे जावे लागले. मळमळीसाठीच्या गोळीबद्दलही एक सांगते. तिच्यात बी-६ जीवनसत्त्वाबरोबर डॉक्सिलामिन होतं, आणि त्याने झोप येते. सकाळी तिचा अंमल उरलेला असायचा. डॉक्टरांना विचारून रात्रीची वेळ थोडी आधी ओढली, तेव्हा सकाळ मोकळी झाली. गोळी आपल्या मनाने बंद करू नये. पण कोणत्या गोळीने झोप येते हे विचारून घ्यावं.

मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो थकव्याच्या वेळा टिपून ठेवण्याचा. फोनमध्ये एक साधी नोंद केली: किती वाजता बरं वाटतंय, किती वाजता अंग टाकून द्यावंसं वाटतंय. थोड्याच दिवसांत त्यातून एक आकार दिसायला लागला. सकाळी उठल्यावरचा तास वाईट. दहापासून साडेबारापर्यंत मी जवळजवळ पहिल्यासारखी. जेवणानंतर उतरण. पाच ते सात अगदीच वाईट. आणि रात्री नऊला थोडी तरतरी, ती मात्र फसवी; तिच्या नादाने जागलं की पहाटे तीनला लघवीला उठल्यावर पुन्हा झोप लागायची नाही.

हा आकार कळल्यावर मी दिवसाशी झगडणं सोडलं आणि त्याची मांडणी बदलली. डोकं लागेल असं सगळं काम सकाळच्या त्या अडीच तासांत. फोन, फायली लावणं, हाताने होणारी कामं दुपारी. पाच ते सात या वेळात काहीही ठरवायचं नाही. पाहुणे नाहीत, बाजार नाही, कोणाला भेटणं नाही. दुपारी तीनच्या आत वीस-पंचवीस मिनिटांची डुलकी, गजर लावून. ती पाऊण तासावर गेली की उठताना डोकं जड व्हायचं आणि रात्रीची झोपही बिघडायची. ऑफिसमध्ये एक रिकामी खोली होती, तिथे टेबलावर डोकं टेकून झोपायचे. सुरुवातीला अवघड वाटलं, मग सवय झाली. ज्यांना झोप लागत नाही त्यांनी नुसतं डाव्या-उजव्या कोणत्याही कुशीवर पडून डोळे मिटले तरी चालतं. या महिन्यांत कुशीचं बंधन नसतं.

पाणी दिवसा भरपूर प्यायचे आणि संध्याकाळनंतर घोट-घोट, त्याने रात्रीच्या फेऱ्या कमी झाल्या. खाण्याच्या बाबतीत माझ्या एक गोष्ट लक्षात आली. पोट रिकामं राहिलं की मळमळ आणि थकवा हातात हात घालून यायचे. त्यामुळे भूक लागायची वाट न बघता दोन-अडीच तासांनी थोडंसं काहीतरी, आणि उशाशी काहीतरी कोरडं, अंथरुणातून उठायच्या आधी खायला. नुसतं गोड खाल्लं की तासाभरात पुन्हा गळून जायला व्हायचं. सोबत प्रथिनं असली, अंडं म्हणा, दाणे म्हणा, तर जास्त वेळ टिकायचं. जे पोटात ठरेल ते खावं, समतोल आहाराचा आग्रह पुढच्या महिन्यांसाठी ठेवावा, असं माझं मत झालं आहे. फॉलिक ॲसिडची गोळी मात्र चुकवू नये. ४०० मायक्रोग्रॅम रोज, निदान बारा आठवडे पुरे होईपर्यंत. डॉक्टर काही जणींना जास्त मात्रा देतात.

कॉफीबद्दल सगळ्याच विचारतात. दिवसाला २०० मिलिग्रॅम कॅफीनच्या आत राहावं असा सर्वसाधारण सल्ला आहे. एका कपात साधारण १०० मिलिग्रॅम असू शकतं आणि चहातही कॅफीन असतंच, त्याचाही हिशेब धरावा. मी सकाळचा एक कप ठेवला. तो मला हवा होता. दुपारचा सोडला, कारण त्याने थकवा जायचा नाही, फक्त झोप जायची.

चालण्याचं मला खरं आश्चर्य वाटलं. इतकं गळून गेलेलं असताना चालायचं कसं, असं वाटायचं. पण डॉक्टरांनी परवानगी दिली होती, म्हणून सकाळच्या बऱ्या वेळेत पंधरा मिनिटं सावकाश चालायला लागले. ज्या दिवशी चालणं व्हायचं त्या रात्री झोप गाढ लागायची. ज्या दिवशी अंग नकोच म्हणायचं त्या दिवशी चालले नाही आणि त्याची टोचणीही लावून घेतली नाही.

एवढं सगळं केलं तरी एक गोष्ट उरायचीच: हे कोणाला माहीत नव्हतं. बारा आठवडे होईपर्यंत बोलायचं नाही, असंच बहुतेक जणी करतात. त्यामागचं कारण खोटं नाही. गर्भपात होतो तेव्हा तो बहुतेक वेळा याच काळात होतो, आणि मग ज्यांना-ज्यांना सांगितलं त्यांना पुन्हा ते सांगत बसण्याचं बळ नसतं. पण त्याचा परिणाम असा होतो की जेव्हा सर्वांत जास्त आधार लागतो तेव्हाच तो मागता येत नाही. सातव्या महिन्यात लोक उठून जागा देतात. सातव्या आठवड्यात बाई बसमध्ये दांडा धरून उभी असते आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून कोणी काही ओळखत नाही. हे मला फार अन्यायाचं वाटतं, आणि ते बदलायचं तर आपणच थोडं आधी बोललं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

कोणाला सांगायचं यासाठी मी स्वतःपुरता एक निकष लावला. काही विपरीत झालं तर ज्या माणसाला मी ते सांगणारच आहे, त्याला आत्ताही सांगायला हरकत नाही. त्यात आई आली, बहीण आली, एक जवळची मैत्रीण आली. आणि बऱ्याच विचाराअंती माझ्या वरिष्ठ मॅडमही आल्या. कारण काही झालं असतं तर रजा त्यांच्याकडेच मागावी लागली असती.

आठव्या आठवड्यात त्यांच्याकडे गेले. काय बोलायचं ते आधी लिहून काढलं होतं. “मॅडम, मी गरोदर आहे. अजून सुरुवात आहे, त्यामुळे हे आपल्या दोघींतच राहू द्या. कामात कमी पडणार नाही, पण पुढचा महिना-दीड महिना दुपारनंतर माझी ताकद उतरते. महत्त्वाच्या मीटिंग सकाळी घेता येतील का, आणि आठवड्यातले काही दिवस दुपारनंतरचं काम घरून करता येईल का?” त्या लगेच हो म्हणाल्या. मग क्षणभर थांबून म्हणाल्या, “मी माझ्या वेळी कोणालाच सांगितलं नव्हतं. फार कठीण गेलं ते.” त्यांनी दुसरं काही विचारलं नाही. सगळ्याच ठिकाणी असं ऐकून घेणारं माणूस असतं असं नाही, हे मला ठाऊक आहे. जिथे नसेल तिथे कारण न सांगताही ‘प्रकृतीच्या कारणाने सकाळची वेळ हवी’ एवढं मागता येतं. पण मागताना नेमकं काय हवं ते सांगावं. ‘बरं वाटत नाही’ असं म्हटलं की समोरचा सहानुभूती देतो. वेळ मागितली की वेळ मिळण्याची शक्यता असते.

घरातही तेच. नवरा पहिल्या दिवसापासून “तू सांग, मी करतो” म्हणत होता. मनापासून म्हणत होता. पण काय-काय करायचं ते आठवून, त्याला सांगून, मग झालं का ते बघणं, हे कामच त्या दिवसांत मला जड होतं. एका रात्री मी त्याला तसं म्हटलं. “मला सांगायलाच लावू नकोस. संध्याकाळचं सगळं तुझं. काय करायचं, काय आणायचं, काय संपलंय, सगळं.” त्याने ते तसंच्या तसं उचललं. फोडणीचा वास मला सहन होत नव्हता, म्हणून तो मला आतल्या खोलीत पाठवून दार लावून घ्यायचा. सुरुवातीचे काही दिवस त्याचं काही विसरायचं, काही करपायचं, पण मी उठून गेले नाही, आणि त्यानेही मला हाक मारली नाही. पंधरवड्यात घडी बसली.

सासूबाईंशी झालेलं एक बोलणं मनातून जात नाही. त्या राहायला आल्या होत्या. मी दुपारी झोपलेली बघून एकदा सहज म्हणाल्या, “आमच्या वेळी असं दिवसा पडून राहणं नव्हतं गं.” मला लागलं ते. पण संध्याकाळी त्याच माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, “थकवा मलाही होता. बसायला जागा नव्हती. घरात माणसंच माणसं. मी न्हाणीत जायचे, कडी लावायचे आणि पालथ्या बादलीवर पाच मिनिटं बसायचे. तेवढंच.” हे त्यांनी आजवर कोणाला सांगितलं नसावं. त्यानंतर त्या होत्या तोवर दुपारी माझ्या खोलीचं दार त्या स्वतः ओढून घ्यायच्या, आणि कोणाचा फोन आला तर “ती झोपलीय” असं सरळ सांगायच्या.

ज्यांना पहिलं मूल आहे त्यांची गोष्ट आणखी कठीण असते. तिथे डुलकीची वेळ आपल्या हातात नसते. माझ्या मैत्रिणीने तिच्या दुसऱ्या खेपेला एक युक्ती काढली होती: तीन वर्षांची लेक डॉक्टर आणि आई पेशंट. पेशंटने डोळे मिटून पडून राहायचं, लेक तपासत राहणार. त्यातून तिला दिवसाला अर्धा तास आडवं होता यायचं. दार बंद, धोक्याच्या वस्तू उचललेल्या, आणि लेक तिला टेकून बसलेली. खेळ लेकीला आवडायचा, त्यामुळे तिच्याही वाट्याला आईचा पूर्ण वेळ यायचा.

मनाचंही बोललं पाहिजे. थकलेल्या शरीरात रडू लवकर येतं, आणि मी पुष्कळ रडले. हवंहवंसं बाळ येणार आहे आणि आपल्याला आनंद का वाटत नाही, या विचाराने तर जास्तच. डॉक्टरांनी तेव्हा काही प्रश्न विचारले. आवडत्या गोष्टीत अजून मन रमतं का? झोपून उठल्यावर क्षणभर तरी हलकं वाटतं का? स्वतःबद्दल टोकाचे विचार येतात का? माझी उत्तरं ऐकून त्यांना काळजीचं वाटलं नाही. पण त्यांनी बजावलं की उदासपणा दोन आठवडे सलग राहिला, कशातच रस उरला नाही, तर तो थकवा समजून अंगावर काढायचा नाही. गर्भारपणात नैराश्य येऊ शकतं आणि त्यावर उपचार आहेत. स्वतःला इजा करावीशी वाटली तर मात्र दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी सांगायचं. शरीराच्या बाबतीतही त्यांनी काही खुणा सांगून ठेवल्या होत्या. बसल्या जागी धाप लागणं, छातीत सतत धडधड, चक्कर येऊन पडणं, पाणीसुद्धा पोटात न ठरणं, ताप, रक्तस्राव, पोटात एका बाजूला तीव्र वेदना किंवा खांद्याच्या टोकाला दुखणं, यातलं काहीही झालं तर वाट बघायची नाही, लगेच दवाखाना गाठायचा.

दहाव्या आठवड्याच्या पुढेमागे एक सकाळ अशी उगवली की मला अगदी बरं वाटत होतं. दात घासताना टेकले नाही. आणि त्या बरं वाटण्याने मी घाबरले. इतके दिवस थकवा होता म्हणजे आत सगळं चालू आहे अशी एक खूणगाठ मी नकळत बांधली होती. फोन केला, डॉक्टरांनी बोलावून घेतलं, सोनोग्राफी केली. सगळं ठीक होतं. त्यांनी सांगितलं की लक्षणं रोज सारखी नसतात, मध्येच एखादा दिवस मोकळा जातो. साधारण या सुमाराला एचसीजी या गर्भारपणातल्या संप्रेरकाची पातळी शिखराला पोचून उतरायला लागते आणि संप्रेरकं बनवण्याचं काम वारेने हाती घेतलेलं असतं, म्हणूनही हळूहळू हलकं वाटायला लागतं. दुसऱ्याच दिवशी थकवा परत आला. पण अशा वेळी मनात शंका आली तर विचारून मोकळं व्हावं, हे माझं ठाम मत आहे. फोन करायला संकोच करण्यासारखं त्यात काही नाही.

नंतरचं उतरणं मात्र हळू होतं. तेराव्या-चौदाव्या आठवड्यात पाच ते सातचा तो काळ हळूहळू सहापर्यंत आखडला. एका संध्याकाळी जेवण झाल्यावर मी पुस्तक घेऊन बसले आणि प्रकरण संपवून उठले, तेव्हा लक्षात आलं की फरक पडला आहे. हिमोग्लोबिनही तोवर ११ च्या वर आलं होतं. काही जणींचा थकवा याहून जास्त रेंगाळतो. अशा वेळी पुन्हा एकदा रक्त आणि थायरॉईड बघून घ्यावं.

शेवटच्या तीन महिन्यांत थकवा परत येतो, तेव्हा वजन आणि अपुरी झोप ही कारणं असतात. त्याची तयारी आत्ताच करून ठेवली आहे. संध्याकाळचं स्वयंपाकघर नवऱ्याकडेच राहणार. सातव्या महिन्यापासून दुपारी तीननंतर मीटिंग ठेवायची नाही, हे मॅडमशी बोलून ठरलं आहे आणि कॅलेंडरवर तसं लावूनही टाकलं आहे. आमच्याच ऑफिसमधली एक मुलगी परवा त्या रिकाम्या खोलीची किल्ली कोणाकडे असते म्हणून विचारत होती. मी तिला दुसरं काही विचारलं नाही, किल्ली दिली आणि दुपारी दोन ते अडीच तिथे कोणी येत नाही एवढं सांगितलं.